आतून कडी लागणारी खोली

बसच्या कंडक्टरला मास्तर म्हणायची जुनी रीत आहे. ‘मास्तर, दोन पूर्ण, एक अर्धं’ किंवा ‘मास्तर, पूल आला की सांगा बरं का.’ पण बायका पहिल्यांदा कंडक्टर म्हणून बसवर आल्या तेव्हा लोकांची जीभ अडखळली. शर्ट-पँट घातलेल्या, खांद्याला पिशवी लावलेल्या बाईला मास्तर कसं म्हणायचं? कुणी ताई म्हणे, कुणी मॅडम, कुणी नुसतंच ‘ओ, तिकीट’. शेवटी एका म्हाताऱ्या प्रवाशानं तोडगा काढला. दांडीला धरून तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, “मास्तरीणबाई, बेल द्या, उतरायचंय.” ड्रायव्हरनं ते ऐकलं, डेपोत जाऊन चारचौघांना सांगितलं आणि तेव्हापासून ती सगळ्यांची मास्तरीण झाली. खरं नाव हजेरीपटावर राहिलं. तिथंही ते पुकारलं की तिला ओ द्यायला अंमळ उशीर होई.

तिचा नवरा त्याच डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. बायकांची भरती निघाल्याची बातमी त्यानंच आणली होती. “बघ प्रयत्न करून, घरात बसून भिंतींशी भांडतेस त्यापेक्षा बरं,” असं तोच म्हणाला होता. पुढे कैक वर्षं हे वाक्य आठवून तो कपाळाला हात लावी. म्हणे, “माझ्याच जिभेला हाड नव्हतं, दुसऱ्या कुणाला बोल लावू?”

काम तिला आवडलं. धक्क्यात तोल सांभाळत तिकिटं फाडणं, सुट्ट्यावरून हुज्जत घालणाऱ्याला गोडीनं गप्प करणं, हात टाकणाऱ्याच्या पायावर ब्रेकच्या धक्क्याचं निमित्त करून पूर्ण भार देणं, हे सगळं ती लवकर शिकली. शिकायला अवघड गेली ती एकच गोष्ट, आणि ती कुणी शिकवलीही नाही. बायकांना कामावर घेतलं, गणवेश शिवला, शिट्टी दिली, पण या बायका दिवसभरात जाणार कुठे, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता. डेपोत वर्कशॉपच्या मागे पुरुषांसाठी एक संडास होता, त्याचं दार खालून कुजलेलं. शेवटच्या थांब्यांवर तर नुसतीच भिंत. बस पोचली की ड्रायव्हर त्या भिंतीकडे तोंड करून उभा राही, आणि मास्तरीण दुसरीकडे तोंड करून सीटवर बसून राही.

मग बायकांनी आपापसांतच एक शास्त्र तयार केलं. ड्यूटीच्या आधी चहा घ्यायचा नाही. पाणी प्यायचं नाही, तहान लागली तर चूळ भरून थुंकायची. डब्यात खारट, तिखट काही आणायचं नाही. खड्डा दिसला की आधीच टाचा उचलून उभं राहायचं, म्हणजे पोटात धक्का बसत नाही. मास्तरीण या शास्त्रात इतकी तरबेज झाली की नव्या मुलींना पहिल्याच दिवशी ती तिकिटांच्या आधी हेच शिकवी. कधीकधी तिला त्याचा अभिमानही वाटे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिला वाटे, नोकरी म्हणजे असंच असणार. नवऱ्याच्या नखांतलं ग्रीस नाही का कधीच निघत नाही.

अशीच एक नवी मुलगी आली. बारीक, चपळ, खच्चून भरलेल्या बसमध्ये या टोकाची त्या टोकाला कधी गेली ते कळायचं नाही. तिला सगळे फिरकी म्हणत. फिरकी खळखळून हसे, मास्तरणीच्या मागे मागे असे आणि तिनं सांगितलेलं सगळं इमानेइतबारे पाळी. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत तिला दिवस गेले. तशी ती ड्यूटी लावणाऱ्या बाबूकडे गेली आणि म्हणाली, मला काही महिने आत, तिकीट खिडकीवर बसवा. या बाबूच्या कानावर सदा पेन्सिल असे, म्हणून त्याचं नाव पेन्सिल.

पेन्सिल म्हणाला, “बरोबरीचे हक्क पाहिजेत ना तुम्हाला? मग बरोबरीची ड्यूटी करा.”

आजूबाजूचे हसले. फिरकीही हसली, कारण अशा वेळी आणखी करायचं काय हे तिला माहीत नव्हतं. पेन्सिलनं तिला सगळ्यात लांबच्या रूटवर टाकलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती चालत्या बसमध्ये तिकीट देता देता खाली बसली आणि उठलीच नाही. ड्रायव्हरनं प्रवाशांसकट बस सरळ दवाखान्यात नेली. मास्तरणीला निरोप मिळाला तशी ती गणवेशातच धावली. फिरकीला सणकून ताप होता, मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेला होता. पोटातलं बाळ राहिलं नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि मास्तरणीचा गणवेश पाहून त्यांनी तिलाच विचारलं, “तुम्हीही तिच्याबरोबर काम करता? तुम्ही बायका लघवी किती वेळ अडवून धरता?”

“बस चालते तितका वेळ,” मास्तरीण म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना वाटलं, ही चेष्टा करतेय. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

खाटेवर फिरकी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मास्तरीण तिच्या पायथ्याशी बसून राहिली. तिनंच या मुलीला चूळ भरायला शिकवलं होतं. मनात तेवढं एकच वाक्य घोळत होतं आणि ते मोठ्यानं म्हणायची तिची हिंमत होत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तिची हेलपाट्यांची माळ सुरू झाली. आधी ती डेपोच्या मोठ्या साहेबांकडे गेली. साहेब सज्जन होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, मान डोलावली आणि म्हणाले, “जागाच नाही हो डेपोत. वर लिहून पाठवतो.” वर म्हणजे मुख्य कचेरीत. तिथून महिने लोटले तरी उत्तर आलं नाही. मग ती युनियनच्या दादांकडे गेली. दादांनी पान उलटावं तसा विषय उलटला. “ताई, सध्या मोठे प्रश्न आहेत. ते सुटू देत, मग हे बारीकसारीक बघू.”

“दादा, तुमच्यासाठी भिंत आहे, म्हणून ते बारीकसारीक आहे,” ती म्हणाली. दादांना हे बोलणं फारच उघडं वाटलं. त्यांनी त्याच दिवशी तिच्या नवऱ्याला वर्कशॉपमध्ये गाठून समज दिली.

संध्याकाळी नवरा घरी आला तो हात न धुताच खुर्चीत बसला. “अगं, असले विषय चारचौघांत बोलतात का? सगळं वर्कशॉप मला विचारतंय, काय रे, बायकोचं पोट कसं आहे.”

“मग काय सांगितलंत?”

“काय सांगणार? मान खाली घालून नट आवळले.”

सासूबाई कोपऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करताच लेकाला म्हटलं, “आम्ही अंधार पडायची वाट बघायचो. अर्धं आयुष्य त्या वाट बघण्यातच गेलं माझं. तुला कधी सांगितलं नाही, कारण तूही असाच लाजला असतास.” नवरा उठला आणि हात धुवायला गेला. 

तर झालं असं, की मास्तरणीच्या रूटवर मुख्य कचेरी लागे. उंच, चकचकीत काचांची इमारत. तिथं थांबा नव्हता, बस तिच्यासमोरून सुसाट जाई. एके दिवशी सकाळी, कामाची गर्दी जरा ओसरल्यावर, मास्तरणीनं नेमकी तिथं बेल दिली.

ड्रायव्हर वयस्कर होते, त्यांना सगळे काका म्हणत. त्यांनी आरशातून पाहिलं. “इथं थांबा नाही, मास्तरीण.”

“आज आहे, काका. बाजूला घ्या.”

काकांनी उसासा सोडला आणि बस बाजूला घेतली. ती प्रवाशांकडे वळली. बोलायचं काय, हे तिनं घरी आरशासमोर ठरवलं होतं, पण त्यातला एकही शब्द आठवेना. “मंडळी,” ती म्हणाली, “मला लघवीला जायचंय. आमच्या डेपोत सोय नाही, थांब्यावर सोय नाही. या इमारतीत आमचे साहेब बसतात, त्यांच्याकडे असणार. मी जाऊन येते. ज्यांना घाई आहे त्यांनी मागची बस घ्या, तिकीट तेच चालेल.”

 मग पाठीमागून कुणी खुदकन हसलं, कुणी ‘काय जमाना आला’ म्हणालं. एक जाड गृहस्थ घड्याळ दाखवत तक्रार करू लागले. तेवढ्यात पुढच्या सीटवरची एक काठीवाली म्हातारी उठली. “थांब गं बाई, मीही येते. सकाळपासून कळ काढतेय.” तिच्यामागे एक शाळेतल्या बाई उठल्या. त्यांच्यामागे एक आई, कडेवर पोर घेतलेली. जाड गृहस्थांच्या पत्नीही उठल्या, तशी गृहस्थांनी घड्याळावर बाही ओढून घेतली.

पहारेकऱ्यानं अडवलं. काठीवाल्या म्हातारीनं त्याला विचारलं, “तुझी आई कुठं जाते रे?” आणि उत्तराची वाट न बघता ती आत शिरली. दुसऱ्या मजल्यावर साहेब लोकांच्या दालनाशेजारी ती जागा सापडली. पांढऱ्या फरशा, आरसा, साबणाची वडी, घडी घातलेला टॉवेल, आणि दाराला आतून पितळी कडी. मास्तरीण आत गेली, कडी लावली आणि क्षणभर तशीच दाराला टेकून उभी राहिली. बाहेर साहेबांचा शिपाई दार ठोठावत होता. कामावर असताना आपल्या आणि जगाच्या मध्ये एक बंद दार असण्याची तिची ती पहिलीच वेळ होती. तिला रडू येईल असं वाटलं, पण आली ती नुसती झोप.

ती बाहेर येते तो मागची बस येऊन उभी. तिच्यावरही बाईच कंडक्टर होती. हे आधी ठरलेलंच होतं. मग तिसरी आली. दुपारपर्यंत साहेबांच्या दालनाबाहेर बायकांची रांग लागली होती आणि खाली रस्त्यावर बसची. ड्रायव्हर मंडळी फुटपाथवर उभी राहून एकमेकांना म्हणत होती, आमचा काही संबंध नाही हो, बेल दिली की थांबायचं एवढंच आमचं काम.

याचे परिणाम व्हायचे ते झाले. मास्तरणीला घरी बसवलं. बाकीच्यांना मेमो मिळाले. आणि ज्याचा काहीच दोष नव्हता त्या नवऱ्याची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डेपोत झाली. वर्कशॉपचा फोरमन व्हायची त्याची पाळी आली होती, ती हुकली. त्याच्याहून कमी अनुभवाचा माणूस फोरमन झाला. नवरा तिच्याशी भांडला नाही. तो फक्त पहाटे उठून डबा घेऊन निघून जाई आणि आल्यावर गुपचूप जेवून झोपे. तिला वाटे, याच्यापेक्षा ताटं आपटली असती तर बरं झालं असतं.

पण झाल्या प्रकाराचा बोभाटा इतका झाला होता की वरच्यांनाही तो झाकता येईना. बसमधली ती काठीवाली म्हातारी भेटेल त्याला ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगत सुटली होती. शेवटी कचेरीतून हुकूम आला. डेपोतली तिकीट खिडकीमागची अडगळीची खोली रिकामी करून बायकांना द्यावी. मास्तरणीलाही कामावर परत घेतलं. खोलीत नळ आला, आत मोरी आणि संडास झाला, एक खाट आली, आणि दाराला आतून कडी. पहिल्या दिवशी सगळ्या जणी आत जाऊन बसल्या. कुणी तरी पाण्याचा तांब्या भरला आणि तो सगळ्यांमधून फिरला. 

फिरकी मात्र आली नाही. तिनं केव्हाच नोकरी सोडली होती. मास्तरीण तिला बोलवायला घरी गेली तेव्हा ती शिवणयंत्रावर उशांचे अभ्रे शिवत होती. हात न थांबवता तिनं सगळं ऐकून घेतलं.

“चांगलं झालं,” ती म्हणाली. “पण मला त्या खोलीचं आता काय करायचंय, मास्तरीणबाई?”

 मास्तरीण चहा न घेताच उठली. पुढे कुणी तिला, तुम्ही केवढं मोठं काम केलंत, असं म्हणालं की तिला त्या यंत्राचा आवाज ऐकू येई.

वर्षं गेली. गरोदर बायकांना खिडकीवरची ड्यूटी मिळायला आणखी बरीच भांडणं झाली. बायकांना बस चालवायला द्या, यासाठी तर इतकी झाली की त्यांचा हिशेबच राहिला नाही. नवरा हळूहळू बोलू लागला. आधी भाजीत मीठ कमी आहे एवढं, मग बाकीचंही. सासूबाई गेल्या. एकुलती लेक शिकली आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली.

एकदा परदेशी पाहुण्या आल्या. कुठल्या कुठल्या देशांत बस आणि ट्राम चालवणाऱ्या बायकांची एक संघटना होती. त्यांच्यातल्या चार-पाच जणी डेपो बघायला आल्या. भाषण झालं, हार झाले, दुभाष्या पोरगा घामाघूम झाला. मग बायकांच्या खोलीत त्यांच्यातली एक धिप्पाड बाई, डेपोतल्या कुठल्याही ड्रायव्हरला काखेत मारील अशी, मास्तरणीसमोर येऊन काही विचारू लागली. दुभाष्या लाजला, घुटमळला. तेव्हा तिनं त्याला हातानं बाजूला केलं, तोंडात पाणी घेतल्यासारखं केलं, गाल खुळखुळवले आणि बाजूला थुंकल्यासारखं केलं. मग भुवया उंचावून बोटानं विचारलं, तुम्हीही?

मास्तरीण हसत सुटली. इतकी, की तिला खाटेवर बसावं लागलं. ती धिप्पाड बाईही शेजारी बसून हसत होती. मग दोघींचं हसू एकदमच ओसरलं. समुद्रापलीकडच्या या बाईलाही हेच शास्त्र पाठ होतं, आणि तिलाही ते कुणा थोरलीनंच शिकवलं असणार. त्या पाहुणीनं तिचा हात हातात घेतला आणि दोघी थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. बाहेर साहेब फोटोसाठी खोळंबले होते.

निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना पुन्हा पहिले पाढे पंचावन्न झाले. तिकिटांची नवी मशीन आली. ती चार्जिंगला लावायला जागा हवी, म्हणून बायकांची खोली ‘तात्पुरती’ घेतली गेली. मास्तरीण सुट्टीवर होती, गुडघ्याच्या उपचारांसाठी. परत आली तर खाट बाहेर गंजत पडलेली, खोलीभर मांडण्या, मांडण्यांवर लुकलुकणारे हिरवे दिवे, आणि दाराला बाहेरून कुलूप. बायकांना डिझेलच्या टाकीमागे पत्र्याचा आडोसा करून दिला होता. त्याला कडी नव्हती.

नव्या मुली तिच्याभोवती जमल्या. त्यांच्यात एक होती, जाड भिंगांची, तिला चष्मा म्हणत. “मास्तरीणबाई, तुम्ही बोला ना साहेबांशी. तुमचं ऐकतील.”

“माझ्यानं नाही होणार आता,” ती म्हणाली. खरंच होण्यासारखं नव्हतं. दोन जिने चढले की तिला दम लागे. शिवाय जी गोष्ट एकदा भांडून मिळवली, तिच्यासाठी तेच शब्द पुन्हा बोलायचे, या नुसत्या विचारानंच तिचे खांदे खाली आले. डोंगर चढून जावं आणि वर कुणी तरी सांगावं की हा तो डोंगर नव्हेच.

 चष्मा अगदी मनापासून म्हणाली, “बरं. मग पाणी न पिता दिवस कसा काढायचा ते तरी शिकवा आम्हाला. तुम्हाला चांगलं येतं म्हणतात.”

मास्तरणीनं तिच्याकडे पाहिलं. मुलगी टोमणा मारत नव्हती. तिला खरंच शिकायचं होतं.

घरी नवरा भाजी चिरत बसला होता. तो निवृत्त झाल्यापासून ते काम त्याच्याकडेच होतं. नट-बोल्ट मोजावेत तसे तो एकसारखे तुकडे करी. तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, “मी नाही जाणार, अहो. सांगून टाकलंय त्यांना.”

“बरं केलंस.”

“आता दुसऱ्या कुणी तरी बघावं.”

“बघतील की.” त्यानं दोन-चार तुकडे केले. मग सुरी खाली ठेवली. “पण तू गेली नाहीस तर घरात बसून कुरकुरशील. ते मला ऐकावं लागेल. माझंही वय झालंय, माझा विचार कर. जा तू.”

डेपोची नवी साहेब बाई होती. तरुण, नीटनेटकी, बोलायला मऊ. मास्तरणीला वाटलं होतं, चला, एवढं तरी सोपं जाईल. बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग त्या दाराकडे एकदा बघून हळूच म्हणाल्या, “मावशी, मला कळतं. पण माझ्यावर सगळ्यांचे डोळे आहेत. आल्या आल्या बायकांचंच काम हातात घेतलं, तर म्हणतील, बघा, म्हणूनच बाईला बसवू नये. थोडं थांबा. मी इथं रुजले की करते.”

 मास्तरीण रागवायचं ठरवून आली होती, पण राग येईना. “बाई, तुमचं म्हणणं मला पटतंय,” ती म्हणाली. “तेच तर वाईट आहे.” मग तिनं बाईंच्या खुर्चीमागच्या, मोरी-संडासाच्या दाराकडे बोट दाखवलं. “ती तुमची स्वतःची खोली ना? तुम्ही रुजेपर्यंत आमच्या मुली तिथं येत जातील. गोंधळ करणार नाहीत. यायचं, जायचं.”

बाईंचा चेहरा बदलला. पण नाही म्हणायला त्यांच्याकडे काही कारण नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, “या.”

त्यानंतर साहेबांच्या खोलीत दिवसभर दार उघडझाप होऊ लागलं. बैठक चालू असताना कंडक्टर मुली ‘माफ करा हं’ म्हणत खुर्चीमागून जात आणि येत. फोनवर बोलता बोलता बाईंना खुर्ची पुढे सरकवावी लागे. एकदा वरचे मोठे अधिकारी तपासणीला आले आणि बाईंच्या टेबलाशी रांग बघून त्यांनी विचारलं, “ही कसली गर्दी?” बाईंनी आधी सारवासारव केली. मग त्यांनाच कसला कंटाळा आला कोण जाणे. त्या सरळ म्हणाल्या, “सर, यांची खोली आपण मशीनला दिली. म्हणून माझी यांना दिलीय.”

खोली परत मिळाली. म्हणजे अर्धी मिळाली. मशीन हलवायला दुसरी जागा नाही, असं ठरलं, म्हणून मधे प्लायवूडची भिंत घातली. या बाजूला नळ, मोरी, संडास, आणि कशीबशी मावलेली खाट. त्या बाजूला हिरवे दिवे. भिंत इतकी पातळ की चार्जरची घरघर रात्रंदिवस ऐकू येई. मुलींनी मास्तरणीला उचलून घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. ती मात्र भिंतीवर बोटानं टकटक करून म्हणाली, “अर्धी गेलीच की गं.”

निरोप समारंभात पहिली महिला कंडक्टर म्हणून तिचा सत्कार झाला. ती पहिली नव्हती, पहिल्या तुकडीतली होती, हे तिनं सांगितलं, पण माईक बंद पडला होता. युनियनच्या नव्या दादांनी भाषणात तिला रणरागिणी म्हटलं. नवरा पहिल्या रांगेत बसून जांभया आवरत होता. तिला शाल घातली तेव्हा त्यानं सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली आणि एकटाच वाजवतोय हे कळताच थांबला.

त्यानंतर काही महिन्यांनी चष्मा तिच्या घरी आली. लहान मुलांच्या आयांना पहाटेची आणि संध्याकाळची अशी तुटक ड्यूटी लावायला सुरुवात झाली होती, मधले तास ना घरचे ना दारचे. मुख्य कचेरीत जायचं होतं. “तुम्ही बोलू नका,” चष्मा म्हणाली, “बोलेन मीच. नुसत्या शेजारी बसा.”

गेल्या. जिना चढताना मास्तरीण प्रत्येक वळणावर थांबली. वर गेल्यावर कळलं, साहेब दौऱ्यावर आहेत. तरी दोघी बाकावर बसून राहिल्या, न जाणो कुणी दुसरं भेटेल. कुणी भेटलं नाही. ऊन खिडकीतून फरशीवर आलं आणि फरशीवरून भिंतीवर चढलं. शेवटी शिपाई म्हणाला, “उद्या या.”

“उद्या मला दवाखान्यात जायचंय,” मास्तरीण चष्म्याला म्हणाली.

“परवा?”

“परवा बघू.”

परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली. कंडक्टर मुलगा नवा होता, त्यानं दोघींना ओळखलं नाही. चष्मा परवा काय बोलायचं ते हळू आवाजात सांगू लागली. सुरुवात कुठून करायची, कुणाचं उदाहरण द्यायचं. मास्तरणीनं दोनदा हुंकार भरला. तिसऱ्यांदा हुंकार आला नाही, म्हणून चष्म्यानं वळून पाहिलं. मास्तरणीला डुलकी लागली होती, तिचं डोकं खिडकीच्या गजावर हिंदकळत होतं. मुलीनं ते अलगद आपल्या खांद्यावर घेतलं आणि उरलेलं मनातल्या मनात घोकत बसली.